झालं की कळवतो : स्वतःची मेसेजिंग लायब्ररी लिहू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

मेसेज पाठवणाऱ्या लायब्रऱ्या आज भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चालतातही. तरीसुद्धा तुम्हाला स्वतःची लिहायची आहे. उत्तम. एका मशीनवरच्या प्रोसेसनं दुसऱ्या मशीनवरच्या प्रोसेसला चार बाइट पाठवायचे आणि ते पोचले की एक फंक्शन बोलवायचं, एवढंच तर काम. शनिवार-रविवारात उरकेल. खालच्या सूचना तंतोतंत पाळल्यात तर तुमची लायब्ररी डेमोत हमखास चालेल, आणि तिच्यातले दोष बाहेर यायला पुरेसा वेळ लागेल. तोवर तुमची बढती झालेली असेल आणि ती सांभाळायचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडलेलं असेल.

सुरुवात सिद्धान्तापासून करावी असं पुस्तकं म्हणतात. त्यात फार वेळ घालवू नका. नेटवर्कबद्दल प्रोग्रॅमरांचे जे गैरसमज असतात त्यांची एक यादी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये एल. पीटर डॉइश यांनी १९९४ साली केली. पहिली चार कलमं बिल जॉय आणि टॉम लायन यांच्याकडून आलेली, आठवं पुढं जेम्स गॉस्लिंग यांनी जोडलेलं. नेटवर्क कधी तुटत नाही. मेसेज जायला वेळ लागत नाही. बँडविड्थ अमर्याद आहे. नेटवर्क सुरक्षित आहे, त्याची रचना बदलत नाही, सांभाळणारा एकच आहे, वाहतुकीला खर्च येत नाही आणि सगळीकडे एकाच जातीचं नेटवर्क आहे. ही यादी सावध करण्यासाठी लिहिलेली असली तरी तुम्ही ती लायब्ररीची गृहीतकं म्हणून जशीच्या तशी उचला. काम निम्म्यावर येतं.

दुसऱ्या कलमाबद्दल कोणीतरी शंका काढेलच. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ७२ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तुमच्या लॅपटॉपवर हेच काम काही मायक्रोसेकंदांत होतं. फरक हजार पटींहून मोठा आहे. तरी दोन्हींसाठी फंक्शन एकच ठेवा : ‘पाठव’. वापरणाऱ्याला फरक कळता कामा नये. त्यानं ते निर्धास्तपणे एखाद्या लूपमध्ये टाकलं पाहिजे.

आता या ‘पाठव’कडे नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथं आहे. हे फंक्शन परत आलं म्हणजे नेमकं काय झालं? मेसेज तुमच्या बफरमधून लायब्ररीच्या बफरमध्ये कॉपी झाला, की नेटवर्क कार्डाच्या ताब्यात गेला? की पलीकडच्या मशीनच्या मेमरीत पडला, की पलीकडच्या प्रोग्रॅमनं तो वाचला? की वाचून, काम करून, निकाल डिस्कवर लिहूनसुद्धा झाला? या पाचांतलं कोणतं, ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहू नका. ‘मेसेज यशस्वीरीत्या पाठवला जातो’ एवढं पुरे. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ साली एका छोट्या पेपरात दाखवून दिलं, की पलीकडच्या ॲप्लिकेशननं स्वतः पोच दिल्याशिवाय काम झालं असं धरता येत नाही, मग मधल्या थरांनी कितीही ग्वाही देवो. पेपर सोपा आहे, तासाभरात वाचून होतो. वाचू नका, उत्साह जाईल.

एमपीआयवाल्यांनी मात्र हे उघड लिहून ठेवलं. मेसेज पासिंग इंटरफेस हे मानक १९९४ साली आलं आणि आजही जगभरच्या सुपरकॉम्प्युटरवर तेच चालतं. त्यातलं एमपीआय_सेंड परत आलं याचा अर्थ इतकाच की तुमचा बफर आता तुम्ही पुन्हा वापरायला मोकळे. मेसेज पलीकडं गेला की अजून इथंच आहे, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. या मोकळिकीतून काय निघतं ते एकदा डोळ्यांनी बघाच.

दोन प्रोसेस घ्या, क्रमांक शून्य आणि क्रमांक एक. दोघींनी आपापली आकड्यांची ॲरे एकमेकींना द्यायची आहे. दोघींचा कोड सारखाच : आधी सेंड, मग रिसीव्ह. ॲरेमध्ये १०० आकडे ठेवा, आठ बाइटांचा एक, म्हणजे ८०० बाइट. प्रोग्रॅम सुरू होतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. उत्तर बरोबर. आता १०० आकड्यांचे १० लाख करा, म्हणजे ८० लाख बाइट. प्रोग्रॅम सुरू होतो आणि तिथंच बसतो. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, आणि बहुतेक वेळा प्रोसेसर मात्र १०० टक्के राबताना दिसतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की हिशेब जोरात चाललाय. कारण असं : छोटा मेसेज लायब्ररी काही विचारपूस न करता रवाना करते, पलीकडं तो बफरमध्ये पडून राहतो आणि सेंड परत येतं. मोठ्या मेसेजला आधी पलीकडून ‘जागा तयार आहे, पाठवा’ असा होकार लागतो. हा होकार मिळणार समोरची रिसीव्हच्या ओळीवर पोचल्यावर. आणि दोघीही अजून सेंडच्याच ओळीवर. दोघी बोलताहेत, ऐकायला कोणीच नाही.

छोटा कुठं संपतो आणि मोठा कुठं सुरू होतो, हे ज्या-त्या लायब्ररीवर अवलंबून. ओपन एमपीआयमध्ये ही सीमा टीसीपीवर मुळात ६४ किलोबाइट आणि एकाच मशीनच्या शेअर्ड मेमरीत ४ किलोबाइट अशी ठेवलेली असते. म्हणजे १० किलोबाइटचा तोच मेसेज दोन मशीनांमध्ये सुरळीत जाईल आणि एकाच मशीनवर अडकेल. असं टिकिट आलं की ‘आमच्याकडे चालतंय’ असं लिहून बंद करता येतं, आणि ते खरंही असतं.

बफर द्यायचाच नाही असं ठरवलं तर काय अनर्थ होतो, याची साक्ष पुण्यात मिळते. सी-डॅकनं १९९१ साली उभा केलेला परम ८००० हा इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांचा होता; शेजारच्या चिपांशी बोलायला प्रत्येक चिपला चार दुवे. या ट्रान्सप्यूटरसाठी ऑकम नावाची भाषा केली होती, टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या सीएसपी या संकल्पनेवर बेतलेली. ऑकमच्या चॅनेलला बफर नसतो. देणारा आणि घेणारा दोघंही हजर झाले तरच बाइट हलतो. वरचा प्रोग्रॅम ऑकममध्ये लिहिला असता तर तो एका बाइटलाही अडकला असता. पहिल्याच दिवशी, लिहिणाऱ्याच्याच टेबलावर. माझं प्रामाणिक मत विचाराल तर याच्यासारखी सोय नाही. पण तुम्ही लायब्ररी खपवायला निघालात, तेव्हा असला उद्धटपणा परवडायचा नाही. बफर सढळ हातानं द्या. चूक राहू द्या. फक्त ती मोठ्या डेटावर, ग्राहकाकडं आणि शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत दिसली पाहिजे.

क्यू किती मोठी ठेवायची, हा पुढचा प्रश्न. मर्यादा घालूच नका. समजा सेकंदाला १०,००० मेसेज येतात आणि तुमचा प्रोग्रॅम ९,००० निपटतो. फरक फक्त १० टक्क्यांचा, कोणाच्या लक्षातही यायचा नाही. एक मेसेज एक किलोबाइटचा धरला तर क्यू दर सेकंदाला एक मेगाबाइटनं वाढते. ८ जीबी मेमरी भरायला ८,००० सेकंद लागतात, म्हणजे सव्वादोन तासांना थोडं कमी. सकाळी दहाला सर्व्हर सुरू करा. जेवायची सुट्टी व्हायच्या आत ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेस मारून टाकेल. झिरोएमक्यू या मेसेजिंग लायब्ररीतही पूर्वी मुळात मर्यादा नव्हती. तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांनी सॉकेटला पाठवण्याच्या आणि घेण्याच्या अशा दोन्ही बाजूंनी १,००० मेसेजची घातली. मर्यादा आली की ती गाठल्यावर काय करायचं हे ठरवावं लागतं. त्यांचं पुश सॉकेट पाठवणाऱ्याला थांबवतं, पब सॉकेट मेसेज टाकून देतं. म्हणजे कोणाला तरी वाईटपणा घ्यावा लागतो. तुम्ही कशाला घेता?

आता ज्याच्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात तो कॉलबॅक. सरकारी कचेरीच्या खिडकीवर ‘तुम्ही जा, झालं की कळवतो’ असं सांगतात, तोच हा करार. कळवणार कोण, कधी, आणि त्या वेळी तुम्ही अंघोळीला गेला असाल तर काय, यातलं काहीही ठरलेलं नसतं आणि तरी माणूस समाधानानं घरी जातो.

कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर चालतो हे सांगायचं नाही. सर्वांत सोपं म्हणजे नेटवर्कवरून वाचणारा जो आतला थ्रेड आहे त्याच्यावरच तो चालवावा. नवा थ्रेड नको, क्यू नको, वेगही उत्तम. बेंचमार्कमध्ये कॉलबॅक एक आकडा वाढवून परत येतो. प्रत्यक्ष वापरणारा मात्र त्यात डेटाबेसला प्रश्न विचारतो आणि २०० मिलिसेकंद उत्तराची वाट बघत बसतो. तेवढा वेळ तुमचा थ्रेड दुसरं काहीही वाचत नाही. बाकीच्या पाचशे कनेक्शनांवर शुकशुकाट. त्यांतले हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहेस ना?’ अशा विचारणा, येऊन पडलेत, पण उत्तर द्यायला कोणी नाही. आणि असे चार-सहा कॉलबॅक पाठोपाठ आले, की समोरची मशीनं तुमच्या धडधाकट सर्व्हरला मेलेला जाहीर करून त्याचं काम दुसऱ्यावर टाकतात. तो दुसराही याच लायब्ररीवर चालतो. थोड्या वेळानं तोही जातो.

ही अडचण जुनी आहे. बर्कलीत फॉन आयकेन, कलर, गोल्डस्टीन आणि शाउझर यांनी १९९२ साली ‘ॲक्टिव्ह मेसेजेस’ मांडले, त्यात मेसेजच्या माथ्यावरच तो पोचल्यावर चालवायच्या हँडलरचा पत्ता असतो. मात्र त्यासोबत त्यांनी कडक अट घातली : हँडलरनं मेसेज नेटवर्कवरून उचलायचा, चालू हिशेबात मिसळायचा आणि ताबडतोब बाजूला व्हायचं. थांबायचं नाही, अडायचं नाही. इतकी वेगवान पद्धत त्या एका मनाईवर उभी आहे. तुम्ही वेग घ्या आणि मनाई गाळा.

दुसरी सूचना : कॉलबॅक बोलवताना लायब्ररीचा आतला लॉक धरून ठेवा. कॉलबॅकमध्ये माणूस काय करतो? निम्म्या वेळा पुढचा मेसेज पाठवतो. ‘पाठव’ तोच लॉक मागतं. लॉक ज्यानं धरलाय तोच थ्रेड तो सुटायची वाट बघत उभा राहतो, आणि राहतो. यावर टीममधलं कोणीतरी रिकर्सिव्ह लॉक सुचवेल. जरूर लावा. आता थ्रेड अडत नाही. फक्त लायब्ररी ज्या यादीवरून एकेक कॉलबॅक बोलवत चालली होती, तीच यादी मधल्या कॉलबॅकनं बदललेली असते. पहिला प्रोग्रॅम निदान अडकलेला दिसत तरी होता. हा दिमाखात पुढं चालत राहतो आणि कुठल्या तरी भलत्याच मेसेजचा कॉलबॅक दोनदा बोलावतो. पूर्ण झालेल्या नोंदी लॉक धरून वेगळ्या काढायच्या, लॉक सोडायचा, मग कॉलबॅक बोलवायचे, हा उपाय चार ओळींचा आहे. चार ओळींसाठी कोण रिव्ह्यू मागत बसणार.

तिसरी सूचना बारकाईनं पाळण्याची आहे. कॉलबॅक नेहमी नंतरच बोलवू नका. कधी कधी लगेच बोलवा. उत्तर कॅशमध्ये असेल तर उगाच वाट कशाला बघायची? वापरणाऱ्याचा कोड साधारण असा असतो : ‘पाठव’ला कॉल करायचा, ते जो विनंती-क्रमांक परत देईल तो एका व्हेरिएबलमध्ये आणि उत्तर यायच्या विनंत्यांच्या यादीत ठेवायचा, आणि कॉलबॅक आला की त्या व्हेरिएबलमधला क्रमांक यादीतून काढून टाकायचा. उत्तर नेटवर्कवरून आलं तर सगळं क्रमानं होतं. कॅशमधून आलं तर ‘पाठव’ अजून परतच आलेलं नसताना, त्याच्या पोटातच कॉलबॅक चालतो. व्हेरिएबल रिकामं. यादीतून काहीच निघत नाही. मग ‘पाठव’ परत येतं, क्रमांक व्हेरिएबलमध्ये आणि यादीत जातो, आणि कधीच न येणाऱ्या कॉलबॅकची वाट बघत तिथंच राहतो. पहिल्या विनंतीला कॅश रिकामी असते, म्हणून टेस्टमध्ये हे दिसत नाही. नोड.जेएसवाल्यांनी या प्रकाराला झाल्गो या इंटरनेटवरच्या राक्षसाचं नाव दिलंय. अतिशयोक्ती वाटत नाही.

कॉलबॅकमधून एक्सेप्शन आलं तर ते गिळून टाका. कनेक्शन बंद केल्यावरही एखाद-दुसरा कॉलबॅक येऊ द्या, तोवर वापरणाऱ्यानं ऑब्जेक्ट मोडीत काढलेला असतो. आणि ‘रद्द करा’ असं एक फंक्शन द्या. ते असलं की लायब्ररी भारदस्त दिसते. पाठवलेला मेसेज रद्द करायची सोय एमपीआयमध्ये पहिल्या आवृत्तीपासून होती. मेसेज निघाला, पलीकडं पोचला, पण अजून कोणी वाचला नाही, अशा वेळी रद्द म्हणजे नक्की काय, हे सांभाळता सांभाळता सगळे थकले आणि २०२१ च्या ४.० आवृत्तीत ही सोय वापरू नये असं मानकातच लिहिलं गेलं. सत्तावीस वर्षं म्हणजे तुमच्या नोकरीच्या मानानं भरपूर वेळ.

टाइमआउट झाला तर गुपचूप पुन्हा पाठवा. क्लायंटनं ‘या खात्यातून ५०० रुपये वळते करा’ असा मेसेज पाठवला. सर्व्हरनं ते केलं. उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटच्या बाजूनं पाहिलं तर मेसेज हरवला, सर्व्हर पडला की उत्तर हरवलं, या तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. तुमच्या लायब्ररीनं तत्परतेनं पुन्हा पाठवलं आणि खात्यातून १,००० गेले. झेरॉक्स पार्कमध्ये बिरेल आणि नेल्सन यांनी रिमोट प्रोसीजर कॉलवरचा १९८४ सालचा पेपर लिहिला, तेव्हाच प्रत्येक कॉलला ओळख-क्रमांक देऊन दुबार आलेले ओळखायची व्यवस्था केली होती. वापरणाऱ्याला त्यांनी दिलेलं वचनही मोजकं होतं : कॉल नीट परत आला तर काम नेमकं एकदा झालं, एक्सेप्शन आलं तर एकदा झालं किंवा झालंच नाही, आणि यांतलं कोणतं ते आम्ही सांगू शकत नाही. ‘सांगू शकत नाही’ हे वाक्य माहितीपत्रकात बरं दिसत नाही. ‘नेमकं एकदा’ एवढंच ठळक छापा. पुन्हा पाठवायचा अवधी सगळ्या क्लायंटना अगदी सारखा ठेवा, म्हणजे पडलेला सर्व्हर उठला रे उठला की सगळे एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतील. अवधी दर वेळी वाढवत नेणं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकणं हे अशक्त मनाच्या लोकांचं काम.

बाइटांचा क्रम, मेसेजमधला आवृत्ती-क्रमांक, स्ट्रक्टमधली रिकामी जागा या क्षुल्लक बाबी. मेमरीत जे जसं असेल तसं वायरवर ढकला.

राहता राहिली टेस्टिंग. दोन्ही प्रोसेस स्वतःच्याच लॅपटॉपवर चालवा, तिथं पॅकेट सहसा हरवत नाही. लिनक्समध्ये नेटएम नावाची सोय आहे. तिनं मुद्दाम पॅकेट हरवता येतात, उशिरा पोचवता येतात, क्रम उलटसुलट करता येतो. ती आहे हे टीमला कळू देऊ नका.

इथवरचं सगळं विसरलात तरी हरकत नाही, पण एक विनंती मनापासून आहे. एमपीआयमध्ये लिहिलेला एखादा जुना प्रोग्रॅम तुमच्याकडं असेल तर त्याची प्रत काढा. तिच्यातलं प्रत्येक एमपीआय_सेंड बदलून एमपीआय_एससेंड करा. हे फंक्शन पलीकडं जुळणारं रिसीव्ह सुरू झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. मग सर्वांत लहान इनपुटवर चालवा. इथं सेंडवरच अडकून बसला, तर तो आजवर निव्वळ बफरच्या मेहेरबानीवर चालत होता.